येळवस, संक्रांत आणि नाताळ : हिवाळी सणांच्या लोकमुळांचा भाषिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादा सण मुळात कोणाचा, हा प्रश्न विचारणे सोपे आहे. आणि अलीकडे त्याचे उत्तर देणे प्रश्न विचारण्याहूनही सोपे झाले आहे. नाताळ हा मूळचा सूर्यपूजकांचा, संक्रांत ही मूळची अवैदिक कृषकांची, चंपाषष्ठी ही मूळची द्राविडांची, अशी विधाने एका बाजूने केली जातात. दुसऱ्या बाजूने प्रत्येक लोकाचाराला एखाद्या पुराणातील कथेचा आधार दाखवून तो प्रथमपासून शास्त्रोक्तच होता, असे प्रतिपादन होते. या दोन्ही पक्षांत वरवर विरोध असला तरी त्यांची विचारपद्धती एकच आहे. मूळ म्हणजे मालकी, असे दोघेही गृहीत धरतात, आणि मूळ एकच असते, हेही दोघे गृहीत धरतात. ही दोन्ही गृहीतके तपासून पाहावयाची असतील तर भाषेचा पुरावा विशेष उपयोगी पडतो. आचार बदलतात, कथा नव्याने रचल्या जातात. परंतु आचाराचे नाव पुष्कळदा जुन्या रूपाचा अंश जपून ठेवते, आणि ध्वनिपरिवर्तनाचे नियम कोणाच्या अभिमानाची पर्वा करीत नाहीत.

प्रथम खुद्द परिभाषेचाच विचार करावा. ख्रिस्तपूर्व युरोपीय धर्माचारांसाठी जो ‘पेगन’ हा शब्द रूढ आहे, त्याचे मूळ लॅटिन ‘पागानुस’ हे असून ‘पागुस’ म्हणजे ग्रामीण मुलूख. पागानुस म्हणजे त्या मुलखात राहणारा, गावंढा मनुष्य. सैनिकांच्या बोलीत हाच शब्द ‘सैनिक नव्हे तो’ या अर्थीही वापरला जाई. चौथ्या शतकापासून ख्रिस्ती लेखनात त्याला ‘ख्रिस्ती नव्हे तो’ हा अर्थ प्राप्त झाला. मराठीत त्याचे भाषांतर कधी ‘मूर्तिपूजक’, कधी ‘पाखंडी’ असे केले जाते. पण ‘पाखंड’ या शब्दाचीही हकीकत अशीच आहे. अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ म्हणजे कोणताही धर्मपंथ. त्यात निंदेचा लेशही नाही. पुढे त्याच शब्दाचा अर्थ वेदबाह्य आणि अखेरीस ढोंगी असा झाला. दोन्ही ठिकाणी शब्दाचा अर्थ वस्तूने नव्हे, तर बोलणाऱ्याच्या स्थानाने ठरविला. म्हणून प्रस्तुत विवेचनात ‘लोकमूल’ हाच शब्द वापरणे इष्ट होय. त्याचा अर्थ इतकाच की, ज्या आचाराला ग्रंथाची आज्ञा नंतर मिळाली, किंवा मुळीच मिळाली नाही, असा आचार.

२. नाताळ : एका शब्दातील रोम

‘नाताळ’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांमार्फत आला. पोर्तुगीज ‘नाताल’ हा लॅटिन ‘नातालिस’ या शब्दाचा वंशज असून त्याचा अर्थ ‘जन्मासंबंधीचा’, म्हणजेच ‘जन्मदिवस’ असा आहे. शब्दान्तीच्या ‘ल’चा मराठीत ‘ळ’ झाला आणि शब्द इतका घरचा वाटू लागला की, त्याचे परकेपण सांगावे लागते. या सणाच्या उगमाविषयीच्या वादात नेमका हाच शब्द केंद्रस्थानी आहे, हे मात्र मराठी वाचकास सहसा ठाऊक नसते. इ. स. ३५४ मधील एका रोमन संग्रहग्रंथातील दिनदर्शिकेत २५ डिसेंबरपुढे ‘अजिंक्याचा नातालिस’ अशी नोंद असून त्या निमित्ताने तीस रथशर्यती व्हाव्यात, असे दर्शविले आहे. हा अजिंक्य म्हणजे ‘सोल इन्विक्तुस’, अर्थात अपराजित सूर्य, असे सामान्यतः मानले जाते. सम्राट ऑरेलियन याने इ. स. २७४ मध्ये रोममध्ये या देवाचे भव्य मंदिर उभारले होते. त्याच संग्रहग्रंथातील दुसऱ्या एका यादीत २५ डिसेंबर हाच दिवस ख्रिस्तजन्माचा म्हणून दिला आहे.

या दोन नोंदींवरून ख्रिस्ती धर्ममंडळाने सूर्याचा वाढदिवस उचलून तो ख्रिस्ताला दिला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु दोन्ही नोंदी एकाच ग्रंथात, एकाच वर्षी आढळतात. त्यांपैकी सूर्याची नोंद आधीची, असे केवळ त्या ग्रंथावरून सिद्ध होत नाही. लुई द्युशेन या फ्रेंच इतिहासकाराने १८८९ मध्ये वेगळी उपपत्ती मांडली. जुन्या ख्रिस्ती गणनेप्रमाणे ख्रिस्ताचा मृत्यू २५ मार्चला झाला. पूर्णपुरुषाचे आयुष्यही पूर्णांकीच असले पाहिजे, म्हणून त्याचा गर्भप्रवेशही २५ मार्चलाच. आणि त्यापुढे नऊ महिने मोजले म्हणजे २५ डिसेंबर येतो. दोहोंपैकी कोणतीही उपपत्ती स्वीकारली तरी एक गोष्ट उरते. रोमन पंचांगात २५ डिसेंबर हा दक्षिणायनान्ताचा रूढ दिवस होता, आणि २५ मार्च हा वसंतसंपाताचा. म्हणजे उसनवारी झाली असेल तर ती एका देवाकडून दुसऱ्या देवाकडे झाली, असे म्हणण्यापेक्षा दोन्ही देवांनी एकाच ऋतुबिंदूचा आश्रय केला, असे म्हणणे अधिक सुरक्षित आहे.

नाताळाच्या सर्व उपांगांना मात्र एकच न्याय लावता येत नाही. उत्तर युरोपातील ‘यूल’ हा हिवाळी उत्सव ख्रिस्तपूर्व असल्याबद्दल भाषिक आणि लिखित असे दोन्ही पुरावे आहेत. आठव्या शतकातील बीड या इंग्लिश धर्मपंडिताने अँग्लो-सॅक्सन महिन्यांच्या नावांत त्याची नोंद केली असून, नॉर्वेचा राजा हाकोन याने दहाव्या शतकात यूलचा दिवस ख्रिस्तजन्माच्या दिवसाला जोडला, असे तेराव्या शतकातील स्नोरी सांगतो. उलट, ज्या नाताळवृक्षाला सर्वांत ‘आदिम’ समजले जाते, त्याचे स्पष्ट उल्लेख सोळाव्या-सतराव्या शतकांतील राइनकाठच्या जर्मनभाषी शहरांत मिळतात. तो प्राचीन वृक्षपूजेचा अवशेष आहे, असे दाखविणारी मधली साखळी उपलब्ध नाही. एकाच सणात एक शब्द दीड हजार वर्षांचा आणि एक वस्तू चारशे वर्षांची असू शकते. हा विवेक मराठी सणांकडे वळताना ध्यानी ठेवावयास हवा.

३. संक्रांत : नाव आणि तारीख

‘मकरसंक्रांत’ या नावाचे दोन भाग स्वतंत्रपणे तपासले पाहिजेत. उत्तरायणारंभ ही घटना भारतीयांना फार प्राचीन काळापासून ठाऊक होती. वेदांगज्योतिषात तो बिंदू धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी सांगितला आहे. परंतु तेथे राशी नाहीत. द्वादश राशींची कल्पना इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ग्रीक ज्योतिषाबरोबर या देशात रुजली, याची साक्ष संस्कृत भाषाच देते. वराहमिहिराच्या बृहज्जातकात राशींची जी पर्यायी नावे आढळतात, त्यांत मकरासाठी ‘आकोकेर’ असा शब्द आहे. तो ग्रीक ‘ऐगोकेरोस’ याचेच संस्कृतीकरण होय. ग्रीकांचा अर्धा बोकड व अर्धा मासा असा प्राणी येथे ‘मकर’ झाला. तेव्हा सण कितीही जुना असला तरी त्याचे प्रचलित नाव सुमारे दोन हजार वर्षांहून जुने असू शकत नाही.

तारखेचीही कथा अशीच उद्बोधक आहे. खरे उत्तरायण २१ किंवा २२ डिसेंबरला सुरू होते. संक्रांत मात्र १४ किंवा १५ जानेवारीला येते. याचे कारण भारतीय पंचांगे निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजलेले वर्ष मानतात, आणि अयनचलनामुळे ते वर्ष ऋतुवर्षाहून सुमारे वीस मिनिटांनी मोठे असते. परिणामी दर सुमारे ७२ वर्षांनी संक्रांत एक दिवस पुढे सरकते. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, आजच्या शासनमान्य अयनांशानुसार २८५ च्या सुमारास, दोन्ही बिंदू एकत्र होते. अयनांश निराळा धरला की संक्रांतीचा दिवसही निराळा येतो. म्हणूनच टिळक पंचांगात ती १० जानेवारीला असते. १९५७ मध्ये स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत पौषारंभ २२ डिसेंबरला, म्हणजे ऋतूशी जुळवून ठेवला आहे. तरीही त्या दिवशी कोणी तिळगूळ वाटत नाही. तात्पर्य, नाताळ आणि संक्रांत हे दोन्ही सण एका दृष्टीने गोठलेली उत्तरायणे आहेत. एक रोमन पंचांगात गोठले, दुसरे भारतीय नक्षत्रचक्रात. सूर्य दोघांनाही सोडून पुढे गेला.

या सरकण्याकडे दुर्लक्ष झाल्याने एक लोकसमजूत निर्माण झाली आहे. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. तो दिवस संक्रांतीचा होता, आणि म्हणून ‘संक्रांत ओढवणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला, असे वारंवार सांगितले जाते. वस्तुतः तो दिवस पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ हा होय. त्या वर्षी संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती. आजची तारीख मागे नेऊन लावल्याने हा योग भासतो. वाक्प्रचाराचे खरे मूळ दुसरीकडे, खुद्द संक्रांतीच्या देवीरूपात शोधले पाहिजे.

४. संक्रांत : देवी, सुगड आणि वाण

‘संक्रांति’ हे संस्कृतात क्रियावाचक स्त्रीलिंगी नाम आहे. त्याचा अर्थ केवळ ‘एका राशीतून दुसरीत जाणे’ असा. परंतु मराठी पंचांगांत दरवर्षी संक्रांतीचे वाहन, उपवाहन, वस्त्र, शस्त्र, ती कोणत्या दिशेकडून येते आणि कोणत्या दिशेकडे पाहते, हे दिलेले असते. ती ज्याचे ग्रहण करते अथवा जिकडे पाहते, त्याला पीडा होते, असा समज आहे. तिने संकरासुरास मारल्याची कथाही सांगतात. येथे व्याकरणातील लिंगाने दैवतशास्त्राला वाट करून दिली, असे दिसते. स्त्रीलिंगी भाववाचक नामाला ग्रामदेवतेचे उग्र रूप मिळाले, आणि जिची दृष्टी टाळावी अशा देवीची जुनी कल्पना ज्योतिषाच्या पारिभाषिक शब्दावर आरूढ झाली. ‘एखाद्यावर संक्रांत येणे’ हा वाक्प्रचार याच कल्पनेचा सरळ परिणाम आहे. त्यासाठी रणभूमीवर जाण्याचे कारण नाही.

दुसऱ्या दिवसाचे ‘किंक्रांत’ हे नाव संस्कृत ज्योतिषातील संज्ञा नव्हे. ‘संक्रांत’ या शब्दाला यमकाने जोडलेले ते मराठी रूप असावे आणि किंकरासुराची कथा त्या नावावरून मागाहून सुचली असावी. मराठीत अनुकरणवाचक जोडशब्दांत दुसरा घटक सहसा ‘बि’ने सुरू होतो, जसे चहाबिहा, कामबिम, कन्नडात तेथे ‘गि’ आणि तमिळात ‘कि’ येतो. तेवढ्यावरून ‘किंक्रांत’ शब्दावर द्राविडी छाप आहे असे म्हणणे मोहक असले, तरी एकाच उदाहरणावर नियम उभारता येत नाही. भाषाभ्यासकाने जेथे थांबावे अशा जागांपैकी ही एक होय.

आचारांकडे पाहिले तर त्यांत ज्योतिषाचा मागमूसही नाही. भोगीच्या दिवशी हरभरे, पावटे, वांगी, गाजर इत्यादींची मिसळभाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. संक्रांतीला कुंभाराकडून आणलेल्या सुगडांत ऊस, बोरे, गव्हाच्या लोंब्या, हरभऱ्याचे घाटे भरून सुवासिनींनी एकमेकींना द्यावयाचे वाण. तिळगूळ देऊन गोड बोलण्याची विनंती. लहान मुलांचे बोरन्हाण. एरवी अशुभ मानलेल्या काळ्या रंगाची वस्त्रे. हे सर्व शेताशी, थंडीशी आणि घरातील स्त्रीशी निगडित आहे. यांतील शब्द मात्र बहुतेक संस्कृतोद्भव आहेत. सुगड म्हणजे ‘सुघट’, वाण म्हणजे ‘वायन’. ‘तीळ’ या शब्दाचे महत्त्व तर त्याहून मोठे आहे, कारण ‘तेल’ हा सामान्य शब्द ‘तैल’, म्हणजे ‘तिळापासून झालेले’, या विशेषणापासून आला. आज करडईचे अथवा शेंगदाण्याचे तेल म्हणताना मराठी माणूस नकळत तिळाचेच स्मरण करीत असतो.

येथे कोणी म्हणेल की, शब्द संस्कृतोद्भव, तेव्हा आचारही वैदिक. या तर्काला खुद्द वैदिक वाङ्मयच उत्तर देते. वर्षभर चालणाऱ्या गवामयन सत्राच्या उपान्त्य दिवशी ‘महाव्रत’ नावाचा विधी असे, आणि त्याचा संबंध उत्तरायणारंभाशी जोडलेला आहे. या विधीत होता झोपाळ्यावर बसतो. भूमीत खड्डा करून त्यावर कातडे ताणून दुंदुभी वाजविली जाते. एक आर्य आणि एक शूद्र वर्तुळाकार कातड्यासाठी झोंबतात व ते कातडे सूर्याचे प्रतीक मानले जाते. स्त्रिया डोक्यावर पाण्याचे घट घेऊन अग्नीभोवती फेर धरतात. आणि शिवीगाळीलाही त्यात स्थान असते. गंभीर श्रौतविधीच्या मध्यभागी बसविलेला हा सारा प्रकार म्हणजे लोकांचा हिवाळी उत्सवच होय, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. म्हणजे ‘वैदिक’ आणि ‘लौकिक’ यांची सरमिसळ आपल्याला उपलब्ध असलेल्या अगदी जुन्या थरातच झालेली आहे.

तथापि, महाव्रतातील घटधारिणी स्त्रियांची परंपरा आजच्या सुगडांपर्यंत अखंड चालत आली, असे म्हणावयाचे झाल्यास मधल्या दोन-अडीच हजार वर्षांतील दुवे दाखवावे लागतील. ते दाखविता येत नाहीत. साम्य म्हणजे वंशपरंपरा नव्हे. नवे पीक दिसू लागले की मातीच्या भांड्यात ते भरून शेजारणीला द्यावे, हे सुचण्यासाठी श्रौतसूत्राची गरज नाही.

५. येळवस : एका ‘अशुद्ध’ शब्दाची साक्ष

मराठवाड्याच्या दक्षिण भागात, विशेषतः लातूर व धाराशिव या जिल्ह्यांत आणि त्यांना लागून असलेल्या भागांत, मार्गशीर्ष अमावास्येला जो सण साजरा होतो, त्याचे महत्त्व तेथे दिवाळीहून कमी नाही. २०२४ मध्ये तो ३० डिसेंबरला होता. मार्गशीर्षात सूर्य धनुराशीत प्रवेश करतो. त्यामुळे ही अमावास्या नेहमी साधारणपणे १६ डिसेंबर आणि १४ जानेवारी यांच्या दरम्यान, म्हणजे खऱ्या उत्तरायणारंभाच्या आसपास येते. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात. तीत चुन्याने रंगविलेले पाच दगड ‘पांडव’ म्हणून मांडतात. लक्ष्मीची पूजा होते. आंबील, ओल्या शेंगदाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असा नैवेद्य असतो. नंतर शेतकरी पिकातून आंबील शिंपडीत फिरतो. पुरोहिताची आवश्यकता सहसा पडत नाही. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवावयास बसविण्याची रीत आहे.

या सणाला कागदोपत्री आणि वर्तमानपत्रांत ‘वेळ अमावास्या’ असे म्हणतात. गावात ‘येळवस’ म्हणतात. नागर मराठीचा संस्कार झालेल्या माणसाला साहजिकच वाटते की, ‘वेळ अमावास्या’ हे शुद्ध रूप आणि ‘येळवस’ हे त्याचे ग्रामीण अपभ्रष्ट रूप. कारण ग्रामीण बोलीत शब्दारंभीच्या ‘वे’चा ‘ये’ होतोच : वेडा–येडा, वेगळा–येगळा, वेळ–येळ. परंतु येथे परिवर्तनाची दिशा नेमकी उलटी आहे. सीमेपलीकडील कलबुर्गी, बिदर, विजयपुर या कन्नडभाषी जिल्ह्यांत त्याच तिथीला, बव्हंशी त्याच विधींनी जो सण होतो, त्याचे नाव ‘एळ्ळ अमावास्ये’ असे आहे. ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. तिळाचे पदार्थ आणि तीळ थापलेल्या बाजरीच्या भाकरी हे त्या दिवसाचे तेथील वैशिष्ट्य होय. शब्दारंभीचा ‘ए’ दोन्ही भाषांत बोलताना ‘ये’ होतो. कन्नडातील द्वित्त ‘ळ्ळ’ मराठीत एकेरी होतो. ‘अमावास्या’ या शब्दाचे बोलीतील रूप ‘अवस’. या तिन्ही नियमित परिवर्तनांनी ‘येळवस’ हे रूप सरळ सिद्ध होते. पुढे लिहिणाऱ्या वर्गाने ‘येळ’ म्हणजे ‘वेळ’चेच खेडवळ रूप असे समजून ते ‘सुधारले’, आणि तिळाची अमावास्या वेळेची अमावास्या झाली. शुद्ध मानलेला शब्द चुकीचा आणि अशुद्ध मानलेला शब्द बरोबर, असा हा प्रकार आहे. भाषाशास्त्रात यास अतिशुद्धीकरण म्हणतात.

याच नावाची दुसरी व्युत्पत्तीही प्रचलित आहे. कन्नडात ‘एळु’ म्हणजे सात. ज्येष्ठापासून मोजल्यास मार्गशीर्षातील अमावास्या सातवी येते. म्हणून ती ‘येळवस’. ही व्युत्पत्ती निव्वळ काल्पनिक नाही, कारण मराठी कानाला ‘एळ्ळु’ आणि ‘एळु’ यांतील भेद कळणे शक्यच नाही. कन्नडात पहिल्याचा ‘ए’ ऱ्हस्व असून ‘ळ’ द्वित्त आहे, तर दुसऱ्याचा ‘ए’ दीर्घ असून ‘ळ’ एकेरी आहे. मराठीत ‘ए’चा ऱ्हस्वदीर्घभेद अर्थभेदक नाही आणि ‘ळ’चे द्वित्तही रूढ नाही. दोन्ही शब्द मराठीत आले की ‘येळ’च होणार. मग निर्णय कसा करावा? मराठीत जो भेद पुसला गेला, तो कन्नडात शाबूत आहे. आणि तेथे सणाचे प्रचलित नाव तिळाचे आहे, साताचे नाही. शिवाय गणना ज्येष्ठापासूनच का करावी, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. ज्येष्ठातील पेरणी खरिपाची, आणि येळवशीला पूजा होते ती प्रामुख्याने शेतात उभ्या असलेल्या रब्बीच्या पिकाची.

६. येळकोट : उलट साक्ष

हीच कसोटी दुसऱ्या हिवाळी उत्सवाला लावली असता निष्कर्ष उलट येतो, आणि म्हणूनच ती कसोटी विश्वसनीय ठरते. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत खंडोबाचे षड्रात्र असते. चंपाषष्ठीला जेजुरीप्रमाणेच छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस असलेल्या सातारा गावातील खंडोबाच्या देवळातही यात्रा भरते. तळी भरताना ‘येळकोट’चा गजर होतो. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे या दिवसापासून पुन्हा ताटात येते. वांग्याचे भरीत आणि बाजरीचे रोडगे हाच देवाचा नैवेद्य होय.

‘येळकोट’ या शब्दातील ‘येळ’ कोणता? कन्नड प्रदेशात याच देवाला मैलार म्हणतात, आणि त्याचे भक्त ‘एळु कोटि’ असा घोष करतात. ‘सात कोटी’ हा त्याचा सरळ अर्थ. कन्नडात ‘ए’ दीर्घ, ‘ळ’ एकेरी, आणि पुढे संख्यावाचक ‘कोटि’. येथे ‘येळ’ म्हणजे सातच, तीळ नव्हे. एकाच मराठी अक्षरद्वयामागे दोन भिन्न कन्नड शब्द आहेत, आणि ते ओळखण्याची किल्ली मराठीत नसून शेजारच्या भाषेत आहे. या समासातील ‘कोटि’ हा शब्द पुन्हा संस्कृत आहे, हेही विसरता कामा नये. आरोळीच्या अवघ्या दोन पदांत द्राविडी संख्या आणि संस्कृत संख्या शेजारी बसल्या आहेत.

रा. चिं. ढेरे यांनी १९६१ मधील ‘खंडोबा’ या ग्रंथात आणि पुढे गुंथर सोन्थायमर यांनी १९७६ मधील आपल्या जर्मन ग्रंथात या दैवताचा महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांवरील विस्तार उलगडून दाखविला. लिंगायत वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बाणू अशा त्याच्या दोन पत्नी स्थिर व्यापारी समाज आणि फिरस्ता पशुपालक समाज यांचे मीलन सूचित करतात. अशा देवाचे ‘मूळ’ एका जमातीत अथवा एका भाषेत शोधणे म्हणजे नदीचे मूळ तिच्या एका ओहोळात शोधण्यासारखे आहे.

येळवशीच्या शब्दसंग्रहातही असाच संमिश्रपणा आहे. तिचे नाव कन्नड. परंतु ‘आंबील’ हा शब्द ‘अम्ल’ या संस्कृत शब्दाच्या ‘अंबिल’ या प्राकृत रूपातून आलेला. शेतात नैवेद्य शिंपडण्याच्या विधीला कन्नड बाजूस ‘चरग’ म्हणतात, मराठवाड्यात ‘चर शिंपणे’ म्हणतात. आणि दोहोंचा संबंध ‘चरु’ या यज्ञीय शब्दाशी जोडता येतो. म्हणजे कन्नड नावाच्या सणात श्रौत परंपरेतील शब्द शेतकऱ्याच्या तोंडी आहे. पाच दगड महाभारताहून जुन्या श्रद्धेचे असोत वा नसोत, त्यांचे नाव महाभारतातून आले आहे. ही देवघेव कालपरवाची नाही. पैठणच्या सातवाहनांशी जोडल्या गेलेल्या गाथासप्तशतीत ‘तुप्प’ हा द्राविडी शब्द ‘स्निग्ध, माखलेले’ या अर्थी आढळतो. कन्नडातील ‘तुप्प’ आणि मराठीतील ‘तूप’ हे त्याचेच सोयरे. गोदावरीच्या खोऱ्यात या भाषा सुमारे दोन हजार वर्षे एकाच चुलीवर शिजत आहेत.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून लोकमुळाच्या दाव्यासाठी तीन कसोट्या सुचविता येतात. पहिली, काळाची : जो आचार प्राचीन म्हणावयाचा, त्याचा प्राचीन काळी उल्लेख असावा, किंवा निदान मधले दुवे तरी असावेत. यूल या कसोटीस उतरतो, नाताळवृक्ष उतरत नाही. दुसरी, शब्दाची : नावाची व्युत्पत्ती नियमित ध्वनिपरिवर्तनाने सिद्ध व्हावी आणि शेजारच्या भाषेत तिला स्वतंत्र दुजोरा मिळावा. ‘एळ्ळु’वरून येळवस आणि ‘एळु’वरून येळकोट या दोन्ही व्युत्पत्ती येथे टिकतात, ‘वेळ’ टिकत नाही. तिसरी, ऋतूची : सांगितली जाणारी कथा बाजूला ठेवल्यावरही आचार आपल्या हवेशी व पिकाशी सुसंगत उरावा. संकरासुराची कथा वगळली तरी तीळ, बाजरी आणि सुगड यांना अर्थ राहतो; हेच त्यांचे लोकमूल होय.

या कसोट्यांतून जे मूळ हाती लागते, त्यावर कोणालाही मालकी सांगता येत नाही. नाताळ या शब्दात रोम आहे, मकर या शब्दात ग्रीस आहे, येळवशीत कन्नड आहे, तिच्यातील चर शिंपण्यात यज्ञ आहे. निजामी राज्यात एकत्र असलेले मराठी व कन्नड जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेनुसार दोन राज्यांत विभागले गेले. परंतु मार्गशीर्षातील अमावास्येने ती रेषा मानलेली नाही. तिळाची भाकरी रेषेच्या दोन्ही बाजूंना त्याच दिवशी थापली जाते.

राहिला प्रश्न पुराव्याच्या रक्षणाचा, आणि तो तातडीचा आहे. येळवशीला पिकात फिरताना जी आरोळी दिली जाते, तिचे शब्द ती देणाऱ्या मराठी शेतकऱ्याला उलगडत नाहीत. गावागणिक तिची रूपे वेगळी आहेत. आणि सीमेपलीकडे तिच्याशी जुळणाऱ्या आरोळ्या आहेत. ती सर्व रूपे ध्वनिमुद्रित करून शेजारी शेजारी मांडली, तर तिचा मूळ पाठ निश्चित होण्याची आशा आहे. परंतु ज्या मुलाला शाळेत ‘येळवस’ म्हटल्याबद्दल दुरुस्त केले जाते, तो ती आरोळीही दुरुस्त करूनच पुढच्या पिढीला देईल, किंवा लाजेने देणारच नाही. शिलालेख फुटला तर त्याचे तुकडे जुळविता येतात; बोलीतला शब्द सुधारला गेला की त्याचा तुकडाही उरत नाही. म्हणून लातूर, निलंगा, औसा, उदगीर, उमरगा या भागांतून येणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील वृद्धांकडून या सणाचे शब्द, पदार्थांची नावे आणि आरोळ्या जशा उच्चारल्या जातात तशाच, एकही काना-मात्रा न बदलता, उतरवून घेणे हे संशोधनाचे पहिले काम होय. व्युत्पत्ती नंतरही लावता येईल.